विजेने काढलेली झाडे

काळ्या पार्श्वभूमीवर पसरलेले एक पांढरे झाड. फांदीला फांदी, तिला आणखी बारीक फांदी. असे छायाचित्र पाहिले की कुणाला ते नदीचे खोरे वाटते, कुणाला फुप्फुसातल्या श्वासनलिकांचे जाळे, तर कुणाला नेच्याचे पान. प्रत्यक्षात ती उच्च दाबाच्या विजेने उमटवलेली आकृती असते. तिला लिश्टेनबर्ग आकृती म्हणतात. गंमत अशी, की ज्यांच्या नावाने ती ओळखली जाते त्यांच्या हयातीत कॅमेऱ्याचा शोधही लागलेला नव्हता.

गेऑर्ग क्रिस्टोफ लिश्टेनबर्ग यांचा जन्म १७४२ साली जर्मनीतील डार्मश्टाटजवळच्या ओबर-रामश्टाट या गावी झाला. सतरा भावंडांतले हे शेंडेफळ. वडील पाद्री होते आणि त्यांना विज्ञानाची गोडी होती. मुलगा नऊ वर्षांचा असतानाच ते वारले. लहानपणापासून लिश्टेनबर्ग यांच्या पाठीच्या कण्याला बाक होता. त्यामुळे उंची खुंटली आणि पुढे वय वाढले तसा श्वासाचा त्रासही वाढत गेला.

१७६३ मध्ये ते ग्यॉटिंगेन विद्यापीठात शिकायला आले आणि १७७० मध्ये तिथेच प्राध्यापक झाले. फळ्यावर भौतिकशास्त्र शिकवण्यापेक्षा वर्गातच प्रयोग करून दाखवण्यावर त्यांचा भर असे. त्यामुळे त्यांच्या व्याख्यानांना विद्यार्थ्यांची गर्दी होई.

१७७५ च्या सुमारास इटलीच्या व्होल्टा यांनी स्थितिक विद्युतभार पुन:पुन्हा मिळवण्याचे एक साधे उपकरण लोकांपुढे आणले. राळेची चकती घासून भारित करायची आणि तिच्यावर धातूचे झाकण ठेवायचे, अशी ती रचना. लिश्टेनबर्ग यांनी त्याची सुमारे दोन मीटर व्यासाची भलीमोठी आवृत्ती तयार केली. १७७७ मध्ये ती गुळगुळीत करताना राळेची बारीक पूड खोलीभर उडाली आणि चकतीवर बसली. पण ती सारखी पसरली नव्हती. जागोजागी लहान लहान तारे आणि फांद्या दिसत होत्या. पूड झटकली तरी नव्या पुडीने त्याच जागी पुन्हा तेच तारे उमटत.

दुसऱ्या कुणी चकती पुसून पुढचे काम हाती घेतले असते. लिश्टेनबर्ग थांबले आणि मुद्दाम ठिणग्या पाडून आकृत्या काढू लागले. राळेसारख्या विद्युतरोधक पदार्थावर ठिणगी पडली, की भार ज्या वाटांनी पसरतो तिथेच अडकून राहतो आणि पूड त्या वाटांना चिकटते. धन भाराच्या आकृत्या लांब फांद्यांच्या, तर ऋण भाराच्या आटोपशीर व गोलसर असतात, हे त्यांनी नोंदवले. विजेच्या दोन प्रकारांसाठी अधिक आणि उणे ही चिन्हे त्यांनीच रूढ केली. आज घड्याळाचा सेल बसवताना आपण तीच चिन्हे पाहतो. या आकृत्या चिकट कागदावर दाबून त्यांनी त्यांचे ठसेही घेतले.

१७८० मध्ये त्यांनी आपल्या बागेतल्या घरावर तडितवाहक बसवला. १७९९ च्या फेब्रुवारीत, वयाच्या ५६ व्या वर्षी, ग्यॉटिंगेन इथे त्यांचे निधन झाले.

आकृत्या मात्र पुढे चालत राहिल्या. १९३८ मध्ये अमेरिकेत चेस्टर कार्लसन यांनी भारित पृष्ठभागावर पूड टाकून अक्षरे उमटवली आणि ती कागदावर घेतली. आपल्या कोपऱ्यावरचे झेरॉक्सचे दुकान याच तत्त्वावर चालते.

चुकीचे अंदाजही बरेच झाले. वीज पडलेल्या माणसाच्या अंगावर कधी कधी नेच्याच्या पानासारखी लालसर नक्षी दिसते. विजेने जवळच्या झाडाचा फोटोच अंगावर छापला, असे एकोणिसाव्या शतकात अनेकांना वाटे. ते ना झाडाचे चित्र असते, ना रक्तवाहिन्यांचे. सोव्हिएत रशियात १९३९ पासून किर्लियन दांपत्याने उच्च दाबाच्या विजेने बोटांची, पानांची छायाचित्रे काढली. त्यांतल्या झळाळीला पुढे लोकांनी प्राणशक्तीचे वलय मानले आणि त्यावरून आजार ओळखण्याचे दावेही होऊ लागले. पण ती झळाळी म्हणजे हवेतले विद्युत विसर्जन. बोटावर घाम किती, दाब किती, यावर तिचा आकार बदलतो. त्यावरून निदान करून घेणे आणि खरी तपासणी लांबवणे धोक्याचे आहे.

तसाच धोका लाकडावर अशी नक्षी जाळण्याच्या छंदात आहे. मायक्रोवेव्हमधून काढलेला ट्रान्सफॉर्मर सुमारे २००० व्होल्ट देतो. या नादात परदेशात अनेकांचे जीव गेले आहेत. घरी हा प्रयोग अजिबात करू नये.

अंगावरची ती नक्षी मात्र डॉक्टरांच्या उपयोगी पडते. साधारण एक-दोन दिवसांत ती आपोआप मावळते. पण बेशुद्ध सापडलेल्या माणसावर वीज पडली होती, हे तिच्यावरून कळते. अशा माणसाच्या अंगात वीज साठून राहत नाही, त्यामुळे त्याला हात लावायला घाबरू नये. श्वास आणि नाडी थांबली असेल तर लगेच छातीवर दाब देणे सुरू करावे आणि १०८ ला फोन करावा.