बादशहाखान : ईश्वरसेवेतून अहिंसेकडे

खान अब्दुल गफारखान यांचा जन्म १८९० साली पेशावरजवळील उतमानझई गावी झाला. पठाणांत सूडाची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. तिचे निवारण त्यांनी धर्मश्रद्धेच्याच बळावर आरंभिले. १९२९ साली त्यांनी खुदाई खिदमतगार हा ईश्वरसेवकांचा संघ स्थापिला. सूड न घेण्याची शपथ प्रत्येक सेवक घेई.

२३ एप्रिल १९३० रोजी पेशावरच्या किस्साखानी बाजारात गोळीबार होऊन अनेकांचे प्राण गेले. तरी सेवकांनी शस्त्र उचलले नाही. चंद्रसिंह गढवाली व त्यांच्या सहसैनिकांनी निःशस्त्रांवर गोळी झाडण्याचे नाकारून कारावास पत्करला. दीर्घ तुरुंगवास सोसलेले बादशहाखान १९८८ साली निवर्तले.

धर्माच्या नावाने पेटलेल्यास त्याचेच श्रद्धावान बांधव आवरू शकतात. सद्गृहस्थांनी हे कर्तव्य स्वगृहापासूनच आरंभावे.