अक्षरोपासक एडवर्ड जॉन्स्टन

निबंधाचा तास आला म्हणजे आमच्या वर्गांत एक ठराविक देखावा दिसतो. फळ्यावर विषय लिहून होतो, वह्या उघडल्या जातात, कांहीं मुलें लागलींच लिहूं लागतात. आणि कांहीं मुलें, बहुधा ज्यांच्याजवळ सांगण्यासारखें पुष्कळ असतें तींच, कोऱ्या पानाकडे पाहात बसतात. पहिलें वाक्य मनासारखें जुळत नाहीं म्हणून दुसरें सुचत नाहीं, आणि तास संपतो. अशा मुलांस आम्ही पुष्कळ वर्षें आळशी म्हणत आलों. एडवर्ड जॉन्स्टन यांचें चरित्र वाचल्यापासून मात्र तो शब्द आमच्या तोंडून सहसा निघत नाहीं. ज्या गृहस्थांनीं इंग्रजी सुलेखनकलेस नवा जन्म दिला, त्यांस स्वतःचे विचार कागदावर उतरवितांना हेंच संकट आयुष्यभर छळीत होतें.

एडवर्डाचा जन्म ११ फेब्रुवारी १८७२ रोजीं दक्षिण अमेरिकेंतील उरुग्वे देशांत झाला. गुलामांच्या मुक्ततेसाठीं पार्लमेंटांत झगडणारे सर टॉमस फॉवेल बक्स्टन हे त्याच्या वडिलांचे आजोबा. १८७५ सालीं कुटुंब इंग्लंडास परतलें. वडील कामधंद्याच्या शोधांत, आई आजारी, त्यामुळें मुलाचें शिक्षण घरींच झालें. गणित, यंत्रें आणि रंगीत वेलबुट्टीचीं अक्षरें, असे त्याचे तीन नाद होते. १८९१ सालीं आई निवर्तली. पुढें कांहीं दिवस नातेवाइकाकडे नोकरी झाली, मग एडिंबरो येथें वैद्यकाचा अभ्यास झाला. पण प्रकृति साथ देईना, म्हणून तोही सुटला. सव्विसाव्या वर्षीं या तरुणाजवळ ना पदवी होती, ना धंदा.

१८९८ सालीं लंडनांत त्यांची गांठ विल्यम लेथबी यांच्याशीं पडली. लेथबी हे शिल्पज्ञ असून तेथील एका सरकारी कलाशाळेचे प्रमुख होते. त्यांनीं या तरुणास ब्रिटिश म्यूझियममधील प्राचीन हस्तलिखितें पाहण्याचा सल्ला दिला. कोणतीं पोथ्यापुस्तकें पाहावींत हें दाखविण्याचें काम सिडने कॉकरेल नांवाच्या जाणत्या गृहस्थांनीं केलें. जॉन्स्टन तेथें अगदीं नवशिक्यासारखे जाऊन बसूं लागले.

त्या काळीं शोभेचीं अक्षरें काढावयाचीं म्हणजे आधीं त्यांची बाह्यरेषा आंखावयाची व मग आंत रंग भरावयाचा, अशी रीत पडली होती. ती अक्षरें लिहिलेलीं नसत, चितारलेलीं असत. जुन्या लेखकांचें रहस्य निराळें होतें. ते पिसाची किंवा वेताची लेखणी टोंकाशीं रुंद कापीत आणि ती एका ठराविक कोनांत धरीत. मग हात एका दिशेनें गेला कीं रेघ जाड, दुसऱ्या दिशेनें गेला कीं बारीक. दाब देण्याचें कारण नाहीं, रंग भरण्याचेंही नाहीं. ज्यांच्या आजोबांनीं बोरूनें बाळबोध कित्ते गिरविले, त्या आमच्या वाचकांस यांत नवल वाटणार नाहीं. इंग्लंडांत मात्र ही विद्या लोपल्यासारखी झाली होती. जॉन्स्टन यांनीं स्वतः लेखण्या कापून, अक्षर कसें दिसतें एवढेंच न पाहतां हात कोठून निघाला, कोणती रेघ आधीं ओढली गेली, लेखणी कोठें उचलली, हें शोधून काढलें. शिकविणारा कोणी नव्हता. शेंकडों वर्षांपूर्वीं मेलेले अनामिक लेखक हेच त्यांचे गुरु.

सप्टेंबर १८९९ मध्यें लेथबी यांनीं त्यांस आपल्या शाळेंत सुलेखनाचा वर्ग सोंपविला. जेमतेम दीड वर्षापूर्वीं जो स्वतः नवशिका होता, तो मास्तर झाला! पुढें मोठे शिल्पकार म्हणून गाजलेले एरिक गिल हे त्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकीं. आणि साठीच्या घरांत आलेले नामांकित पुस्तकबांधणीकार कॉब्डन-सँडरसन हेही मुलांच्या रांगेंत बसून रेघा ओढीत. जॉन्स्टन खडूची रुंद बाजू फळ्यावर टेकवून प्रत्येक अक्षर सर्वांसमोर करून दाखवीत. आरंभ मोठ्या अक्षरांपासून करावा असा त्यांचा आग्रह असे, कारण मोठ्या अक्षरांत चूक लपत नाहीं.

याच वर्गांतून पुस्तकाची कल्पना निघाली. लेथबी हस्तव्यवसायांवर एक ग्रंथमाला संपादीत होते. तींत लेखनकलेवरील ग्रंथ जॉन्स्टन यांनीं लिहावा असें ठरलें, आणि येथें गाडी अडली. खडू हातीं घेतल्यावर ज्यांचा हात क्षणभर थांबत नसे, त्यांस वाक्य मात्र पुरें करवेना. एक विधान करावें तों त्यास अपवाद आठवे. अपवाद नोंदवावा तों त्याचें कारण सांगावेसें वाटे. असें करतां करतां वर्षें लोटलीं. अखेर १९०६ सालीं जवळजवळ ५०० पानांचा तो ग्रंथ बाहेर पडला. तळटीपा, पुरवण्या आणि मागच्यापुढच्या पानांचे निर्देश यांनीं तो गच्च भरलेला आहे. लिहिणाराची धडपड पानोपानीं दिसते. तरी नवशिक्यास लेखणी कशी कापावी, कागद कसा ठेवावा, पहिली रेघ कशी ओढावी, येथपासून तो हाताला धरून नेतो. आम्हांस वाटतें, वर्गांतील विद्यार्थी डोळ्यांसमोर होते म्हणूनच तो ग्रंथ तडीस गेला. १९१० सालीं अॅना सायमन्स या त्यांच्या विद्यार्थिनीनें त्याचें जर्मन भाषांतर केलें.

१९१२ सालीं पत्नी ग्रेटा व तीन मुली यांसह ते ससेक्समधील डिचलिंग गांवीं राहावयास गेले. लंडनच्या भुयारी रेल्वेचे फ्रँक पिक यांनीं १९१३ सालीं त्यांस स्थानकांवरील पाट्यांसाठीं अक्षरांचा नवा वळसा मागितला. १९१६ पर्यंत तो तयार झाला: साधा, कोणतीही शेपटी नसलेला, पण प्राचीन रोमन शिलालेखांचीं प्रमाणें राखणारा. १९७९ सालीं त्यांत थोडे फेरफार झाले. परंतु लंडनचे उतारू अद्यापि जॉन्स्टनचींच अक्षरें वाचून गाडी पकडतात.

येथें एक गोष्ट मुलांपासून लपवूं नये. जॉन्स्टन यांचीं कामें वेळेवर होत नसत. गिऱ्हाइकें वाट पाहून कंटाळत, पत्रें उत्तरावांचून पडून राहात, आणि घरांत पैशाची ओढाताण असे. चांगलें तेंच द्यावें हा बाणा थोर खरा, पण त्याची झळ बायकामुलांस लागली.

पहिल्या ग्रंथांत नवशिक्यासाठीं त्यांनीं जें वळण सुचविलें होतें, तें पुढें त्यांस स्वतःसच पुरेसें वाटेना. दहाव्या शतकांतील एका स्तोत्रसंहितेच्या आधारें, लेखणी तिरपी धरून लिहिण्याचें दुसरें वळण ते शिकवूं लागले. एवढें नांव झालेल्या शिक्षकानें आपलाच कित्ता मागें घ्यावा, हें आम्हांस फार मोलाचें वाटतें. ही नवी पद्धत सांगणारा दुसरा ग्रंथ त्यांनीं हातीं घेतला. प्रकरणें सुरू होत, थांबत, पुन्हां पहिल्यापासून लिहिलीं जात. १९३६ सालीं पत्नी वारली. २६ नोव्हेंबर १९४४ रोजीं डिचलिंग येथें त्यांचें निधन झालें, तेव्हां ग्रंथ अपुराच होता.

तीं अपुरीं प्रकरणें नीट लावून हेदर चाइल्ड यांनीं १९७१ सालीं प्रसिद्ध केलीं. वर्ग सुटल्यावर पुसले जाणारे त्यांचे कांहीं फळे मात्र त्याआधींच वांचले होते. पुसण्यापूर्वीं त्यांचीं छायाचित्रें घेतलेलीं होतीं, आणि खडूचीं तीं मोठालीं अक्षरें आज सुलेखन शिकूं लागणारा कोणीही पाहूं शकतो.