शितावरून बिअरची परीक्षा

भाच्याकडे अमेरिकेत दोन महिने राहून आलो, त्याला आता तीन वर्षे होतील. दिवसभर घरात मी एकटाच. वाचायला आणलेली पुस्तके पंधरा दिवसांत संपली. मग संध्याकाळी तो कामावरून आला की त्याच्या मागे मागे गॅरेजमध्ये जाऊन बसू लागलो. तिथे त्याची भट्टी होती. घाबरू नका, घरापुरती बिअर बनवायला तिकडे कायद्याची मुभा आहे आणि भाचा त्यात चांगलाच रमला होता. एका वेळी पाच गॅलन, म्हणजे जवळपास एकोणीस लिटर. बाटल्या पन्नासच्या आसपास. मी स्वतः या वाटेला कधी गेलो नाही, पण मोड आणून भाजलेल्या सातूचा तो उकळतानाचा वास मात्र मला आवडू लागला. गुऱ्हाळाची आठवण यायची.

भाच्याची एक वही होती. प्रत्येक घाण्याची तारीख, तापमान, घनतामापीचे आकडे, आणि शेवटी मित्रांनी चवीला दिलेले गुण. मी होतो त्या दिवसांत त्याने हॉपची फुले बदलून पाहिली होती. हॉप म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुवास देणारी वेलीची फुले. जुन्या हॉपचे दोन घाणे आणि नव्याचे दोन. नव्याला गुण जास्त पडले. तेव्हा जुन्या हॉपची उरलेली पाकिटे केराच्या पेटीत टाकायला तो निघाला आणि मी त्याला दारातच अडवले. कॉलेजात तीस वर्षे संख्याशास्त्र शिकवलेल्या माणसाने दोन घाण्यांवरचा निकाल मुकाट्याने कसा ऐकून घ्यावा? त्या रात्री जेवताना मी त्याला ज्या माणसाची गोष्ट सांगितली, तो माणूस नेमक्या याच प्रश्नाशी जन्मभर झटला होता, आणि तोही बिअरच्याच कारखान्यात.

विल्यम सीली गॉसेटचा जन्म १३ जून १८७६ रोजी इंग्लंडमधल्या कँटरबरीचा. वडील लष्करात अभियंता दलाचे कर्नल. मुलानेही तीच वाट धरली असती, पण डोळे अधू निघाले. ऑक्सफर्डला त्याने आधी गणितात आणि मग १८९९ मध्ये रसायनशास्त्रात पहिला वर्ग मिळवला आणि त्याच वर्षी डब्लिनच्या गिनेस कंपनीत नोकरी धरली. १७५९ मध्ये सुरू झालेला हा कारखाना तोवर जगातला सर्वांत मोठा बिअरचा कारखाना झाला होता, आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजची हुशार पोरे नोकरीला घ्यायची असे मालकांनी ठरवले होते.

या शिकलेल्या पोरांपुढचा प्रश्न कोणत्याही सुगरणीला कळेल असा आहे. सातू दरवर्षी निराळा येतो, हॉप शेताशेतागणिक बदलते, आणि यीस्ट तर जिवंतच. तरीही कालच्या पिंपातली आणि उद्याच्या पिंपातली बिअर एकाच चवीची हवी. आधी तपासावे म्हटले तर प्रत्येक तपासणीला वेळ आणि पैसा लागतो, म्हणून नमुने थोडेच घेता येतात. शितावरून भाताची परीक्षा करतात हे खरे, पण किती शितांवरून? आपल्याकडे भात एकाच पातेल्यात एकाच आचेवर शिजतो म्हणून एक शीत पुरते. सातूच्या ढिगाचे तसे नाही.

त्या काळचे संख्याशास्त्र शेकडो, हजारो नोंदींच्या भरवशावर उभे होते. चार-पाच नोंदी घेऊन कोणी आलेच तर त्याला देण्यासारखे उत्तर तज्ज्ञांकडे नव्हते. गॉसेटने १९०४ मध्ये कंपनीसाठी एक अंतर्गत अहवाल लिहिला. मोड आलेल्या सातूतून किती गोड अर्क निघतो हे मोजताना अर्ध्या अंशापेक्षा जास्त चूक होऊ नये, तर किती वेळा मोजावे? त्याने हिशेब मांडला. दोनदा मोजले तर बरोबर असण्याची बाजू चारास एक, तीनदा मोजले तर सातास एक, चारदा बारास एक आणि पाचदा एकोणिसास एक. पूर्ण खात्रीच हवी असेल तर ब्याऐंशी वेळा मोजा! मला हा अहवाल फार आवडतो. त्यात पाच हा आकडा पवित्र म्हणून येत नाही. पुढच्या एका तपासणीसाठी किती खर्च करायचा हे आता मालकांनीच ठरवायचे होते.

१९०५ च्या जुलैमध्ये तो सुट्टीवर गावी आला असताना वीसेक मैल सायकल हाणत कार्ल पिअर्सनला भेटायला गेला. पिअर्सन म्हणजे त्या काळातला या शास्त्राचा सम्राटच. अर्ध्याएक तासाच्या गप्पांत गॉसेटने त्याच्याकडून त्या वेळच्या जवळजवळ सगळ्या पद्धती समजावून घेतल्या. पुढच्या वर्षी, नुकतेच लग्न झालेले असताना, कंपनीने त्याला वर्षभरासाठी लंडनला पिअर्सनच्या प्रयोगशाळेत पाठवले.

तिथला त्याचा पहिला निबंध यीस्टवर होता. यीस्ट म्हणजे बिअरचे विरजण. कमी पडले तर आंबवण अर्धवट राहते, जास्त झाले तर चव जाते. म्हणून रक्तपेशी मोजण्याची चौकटीची काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून ४०० घरांतल्या यीस्टच्या पेशी त्याने मोजल्या आणि अशा मोजणीत चूक किती संभवते ते दाखवले. दुसरा निबंध मार्च १९०८ चा. त्यासाठी त्याने काय केले पाहा. इंग्लंडमधल्या ३००० गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी कोणीतरी नोंदवून ठेवली होती. ती माहिती त्याने पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर उतरवली, पत्त्यांसारखी पिसली आणि चार-चारांचे ७५० गट पाडले. मग प्रत्येक गटाची सरासरी खऱ्या सरासरीपासून किती भरकटते ते पाहिले. बिअरच्या प्रश्नासाठी गुन्हेगारांची बोटे कामी आली!

त्यातून निघाले ते असे. नमुने थोडे असले की केवळ सरासरी डळमळीत होते असे नाही, ती किती डळमळीत आहे हा आपला अंदाजही डळमळीत होतो. म्हणून जास्तीची सूट ठेवायला हवी. आजच्या तक्त्याच्या भाषेत, पुष्कळ नमुने असताना जिथे १.९६ हा गुणक पुरतो, तिथे दहा नमुने असतील तर २.२६ लागतो आणि चारच असतील तर ३.१८. आमच्या विद्यार्थ्यांनी पाठ केलेली ‘टी’ चाचणी ती हीच.

या निबंधावर नाव मात्र गॉसेटचे नाही. आपण शास्त्रज्ञ पदरी बाळगून काय करतो हे प्रतिस्पर्ध्यांना कळू नये म्हणून कंपनीने स्वतःच्या नावाने लिहायची मनाई केली होती. त्याने ‘स्टुडंट’ हे टोपणनाव घेतले आणि जवळजवळ सगळे लेखन त्याच नावाने केले. कॉलेजात असताना मीही कित्येक महिने समजत होतो, की ही चाचणी विद्यार्थ्यांसाठी सोपी करून दिलेली आहे म्हणून तिला ‘स्टुडंट्स’ म्हणतात. परीक्षेत तसे लिहिलेही. गुरुजींनी लाल शाईने नुसते उद्गारचिन्ह काढले होते.

त्याची सूत्रे बरीचशी अंदाजाने जुळवलेली होती. काटेकोर सिद्धता धाडली ती १९१२ मध्ये केंब्रिजच्या रोनाल्ड फिशर नावाच्या तरुणाने, आणि ती आपल्याला समजत नाही असे मोकळेपणाने सांगून गॉसेटने ती पिअर्सनकडे पाठवली. पुढे पिअर्सन आणि फिशर यांच्यातून विस्तव जाईना, पण गॉसेटची मैत्री दोघांशी टिकली. विद्वानांच्या जगात ही कामगिरी लहान समजू नये. १९२५ च्या आपल्या पुस्तकातून फिशरने ती चाचणी जगभर नेली. शेतातल्या प्रयोगांची मांडणी कशी करावी यावरून मात्र फिशरशीही गॉसेटचे अखेर वाजलेच. सातूच्या वाणांचे प्रयोग त्याने आयर्लंडच्या शेतांवर उभे राहून केले होते.

(पिअर्सनच्या त्याच लंडनच्या कॉलेजात सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे शिकले, १९३६ मध्ये डॉक्टरेट घेऊन परतले आणि थोड्या शेतांच्या कापणीवरून साऱ्या मुलखाच्या पिकाचा अंदाज बांधण्याचे काम त्यांनी भारतात उभे केले. तीही शितावरून भाताचीच परीक्षा.)

एरवी गॉसेट मासे पकडी, सुतारकाम करी, नावा बांधी, बागेत फळझाडांचे संकर करी. १९३४ मध्ये त्याची मोटार दिव्याच्या खांबावर आदळली, मांडीचे हाड मोडले आणि तो तीन महिने अंथरुणावर होता. तेव्हाही आकडेमोड चालूच. पुढच्या वर्षी लंडनजवळच्या नव्या कारखान्याची जबाबदारी त्याच्याकडे आली आणि १९३७ मध्ये तो कंपनीचा मुख्य ब्रूअर झाला. त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला हृदयविकाराने तो गेला. वय अवघे एकसष्ट. नव्या जागेवर पुरते वर्षही मिळाले नाही.

भाच्याने सारे ऐकून घेतले आणि विचारले, की मग माझ्या हॉपचे काय? दोन-दोन घाण्यांच्या तुलनेला गुणक ४.३० लागतो, हे मी कागदावर मांडून दाखवले. त्याच्या वहीतला फरक त्याच्या पासंगालाही पुरत नव्हता. तरीही तो ऐकेना, तेव्हा येत्या शनिवारी आम्ही चाचणी ठेवली. प्रत्येकापुढे तीन पेले, दोन एका हॉपचे आणि एक दुसऱ्याचा, कोणता कुठे ते फक्त मला ठाऊक. वेगळा पेला ओळखायचा. मंडळी बारा होती. डोळे मिटून बोट ठेवले तरी चार जण बरोबर यावेत. पाच बरोबर आले. आठ आले असते तर मी मान तुकवली असती.

पाकिटे परत फ्रिजमध्ये गेली. आता दोन्ही हॉपचे सहा-सहा घाणे झाले आहेत आणि महिन्या-दोन महिन्यांनी मला त्याच्याकडून आकडे येतात. मागच्या वेळच्या पत्रात खाली एक ओळ जादा होती. या घाण्याच्या वेळी पेल्यांची अदलाबदल त्याच्या बायकोने केली, कारण त्याला स्वतःला ओळखून पाहायचे होते. त्याचे चुकले.