स्कुबा डायव्हिंग जगभर पोचवणारे जाक कुस्तो. पण मालकी राहिली कुणाकडे?

तारकर्ली, गोव्याचं ग्रँड आयलंड किंवा मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी. बेळगाव-कोल्हापूरकडची मंडळी सुट्टीत तिकडे स्कुबा करायला जातात, हे आता नवीन राहिलेलं नाही. अर्ध्या तासाची हौस असेल तर पैसे भरले, डुबकी मारली, व्हिडिओ घेतला की झालं. रीतसर शिकायचं असेल तर मात्र कोर्स करावा लागतो आणि शेवटी नावाचं कार्ड हातात पडतं. हे कार्ड कुठलं सरकार देत नाही. बहुतेक वेळा त्यावर पॅडी या अमेरिकन कंपनीचं नाव असतं. शिकणाऱ्याच्या खिशातून कार्डाचा खर्च निघतो आणि शिकवणारा प्रशिक्षक दरवर्षी त्या कंपनीला सभासद फी भरतो. फी थकली की शिकवायचा अधिकार थांबला.

हा सगळा व्यवहार ज्या यंत्रावर उभा आहे, ते आणणाऱ्या दोघांपैकी एक म्हणजे फ्रान्सचे जाक-इव्ह कुस्तो. लाल टोपी, सडपातळ अंगकाठी आणि कॅलिप्सो नावाचं जहाज. जुन्या पिढीने त्यांना टीव्हीवर पाहिलेलं असेल. त्यांच्या आयुष्यात साहस भरपूर आहे. पण ते आयुष्य हिशेबाच्या वहीतून बघितलं तर वेगळंच दिसतं.

कुस्तो यांचा जन्म ११ जून १९१० रोजी बोर्दोजवळच्या सेंत-आंद्रे-द-क्युब्झाक या गावी झाला. नौदलात गेले, वैमानिक व्हायचं होतं. १९३६ मध्ये मोटारीचा भीषण अपघात झाला, हात मोडले आणि विमानाचा नाद सुटला. हातात बळ यावं म्हणून ते समुद्रात पोहू लागले. नौदलातले सहकारी फिलिप ताये यांनी त्यांना पोहण्याचा चष्मा दिला. तो लावून पाण्याखाली बघितलं आणि पुढच्या आयुष्याची दिशा ठरली.

१९३७ मध्ये त्यांचं लग्न सिमोन मेल्शियोर यांच्याशी झालं. सासरे एअर लिक्विड या मोठ्या गॅस कंपनीत वरच्या हुद्द्यावर होते. ही सोयरीक पुढे फार कामाला आली. महायुद्धात पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारी लाकूड-कोळशाच्या गॅसवर चालवल्या जात. आपल्याकडेही त्या काळात अशा गाड्या धावत होत्या. एअर लिक्विडचे इंजिनिअर एमिल गान्यां यांनी अशा मोटारींसाठी गॅस लागेल तेवढाच सोडणारी एक झडप बनवली होती. कुस्तो यांनी तीच कल्पना पाण्याखालच्या श्वासासाठी वापरायची ठरवली. माणसाने श्वास ओढला की तेवढीच हवा, आणि तीही भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्या दाबाने मिळायला हवी. १९४३ मध्ये हे यंत्र तयार झालं. नाव पडलं अ‍ॅक्वालंग, म्हणजे पाण्यातलं फुप्फुस. पाठीवर हवेची टाकी घेतली की वरून सोडलेली नळी नको आणि जड शिरस्त्राणही नको. माणूस माशासारखा मोकळा झाला.

पेटंटवर नावं कुस्तो आणि गान्यां यांची. धंदा मात्र एअर लिक्विडचा. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये कंपनीने ला स्पिरोतेक्निक ही उपकंपनी काढली आणि यंत्र बाजारात आणलं. अमेरिकेत ते लॉस एंजेलिसच्या एका क्रीडासाहित्याच्या दुकानातून विकलं जाऊ लागलं. त्या दुकानाची यूएस डायव्हर्स कंपनी झाली आणि पुढे तीही एअर लिक्विडने घेतली. गान्यां कॅनडात स्थायिक झाले. त्यांचं नाव आज फारच थोड्यांना माहीत आहे.

कुस्तो यांना पैसा लागत होता तो मोहिमांना. १९५० मध्ये गिनेस घराण्यातल्या एका धनिकाने कॅलिप्सो विकत घेतलं आणि वर्षाला फक्त एक फ्रँक भाड्याने त्यांना दिलं. मूळचं हे ब्रिटिश नौदलाचं सुरुंग काढणारं लाकडी जहाज, नंतर माल्टाकडे फेरीबोट म्हणून चाललेलं. ते सजवायला सिमोनबाईंनी आपले दागिने विकले, असं सांगितलं जातं. पुढची चाळीस वर्षं जहाजाचा संसार त्यांनीच ओढला. कॅमेऱ्यासमोर त्या फारशा आल्या नाहीत, पण जहाजावर नवऱ्यापेक्षा जास्त दिवस त्यांनीच काढले.

सुरुवातीच्या मोहिमांना तेल कंपन्यांचाही पैसा होता. १९५४ मध्ये कॅलिप्सोने इराणच्या आखातात तेलासाठी समुद्रतळाची पाहणी केली. १९५६ चा ‘द सायलेंट वर्ल्ड’ हा चित्रपट कानमधला सर्वोच्च पुरस्कार आणि ऑस्करही घेऊन आला. त्याच चित्रपटात माशांची मोजदाद करण्यासाठी प्रवाळात सुरुंग उडवलेला आणि शार्क मारलेले दिसतात. पुढे पर्यावरणवादी म्हणून गाजलेल्या माणसाचं हे जुनं खातं झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

आता येऊ कार्डाकडे. यंत्र दुकानात मिळू लागलं तसे लोक न शिकताच पाण्यात उतरू लागले आणि जिवाला मुकू लागले. खोलवर भरून घेतलेली हवा वर येताना फुगते. श्वास रोखून घाईने वर आलेल्याचं फुप्फुस फाटू शकतं. त्यामुळे शिकवणं गरजेचं होतं. पण कुणी शिकवायचं आणि प्रमाणपत्र कुणाचं चालायचं?

युरोपाने क्लबची वाट धरली. जानेवारी १९५९ मध्ये मोनॅकोत सीमास हा जागतिक महासंघ स्थापन झाला आणि कुस्तो त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९७३ पर्यंत ते पद त्यांच्याकडे होतं. इथे सभासद म्हणजे देशोदेशीचे राष्ट्रीय महासंघ. साधा डायव्हर आपल्या क्लबची वर्गणी भरतो, क्लब महासंघाला जोडलेला असतो आणि महासंघाला वर मत असतं. आपल्याकडच्या सहकारी सोसायटीसारखंच म्हणा ना! कारभार संथ, बैठका फार, पण संस्था कुणाला विकता येत नाही.

अमेरिकेत दोन्ही तऱ्हा झाल्या. १९६० ची नावी ही प्रशिक्षकांच्या सभासदत्वावर उभी असलेली ना-नफा संस्था. तिच्या कारभारावर नाराज झालेल्या जॉन क्रोनिन आणि राल्फ एरिक्सन यांनी १९६६ मध्ये शिकागोजवळ पॅडी सुरू केली. गंमत बघा, क्रोनिन त्या वेळी यूएस डायव्हर्सचे विक्रेते होते, पुढे त्या कंपनीचे प्रमुखही झाले. म्हणजे कुस्तो यांच्या यंत्राचा माल खपवणाऱ्या माणसानेच कुस्तो अध्यक्ष असलेल्या महासंघाला सगळ्यात मोठा स्पर्धक उभा केला. शिकलेले लोक वाढले तर टाक्या आणि झडपा खपतील, हे विक्रेत्याला कळायला वेळ लागत नाही. पॅडीने कोर्सचे छोटे टप्पे पाडले, कार्डावर फोटो लावला, दुकानांना जोडून घेतलं. धंदा म्हणून हे काम चोख होतं, आणि त्यामुळेच सामान्य माणूस पाण्याखाली गेला हेही खरं. पण नावात असोसिएशन असली तरी ती कंपनीच. २०१७ मध्ये ती सुमारे ७० कोटी डॉलरला विकली गेली. दरवर्षी फी भरणाऱ्या प्रशिक्षकांना त्या सौद्यात ना मत होतं ना वाटा.

सभासद वर्गणीचं बळ कुस्तो यांनाही ठाऊक होतं. टीव्हीमुळे त्यांचं नाव घरोघरी पोचलं होतं. १९७३ मध्ये त्यांनी अमेरिकेत कुस्तो सोसायटी काढली. भरभराटीच्या काळात तिचे तीन लाखांवर सभासद होते आणि त्यांच्या वर्गणीवर मोहिमा चालत. अंटार्क्टिकावर खाणकाम होऊ नये म्हणून त्यांनी लाखो सह्या गोळा केल्या आणि १९९१ मध्ये माद्रिदमध्ये बंदीचा करार झाला. त्यांच्या वर्गणीदारांनी या पैशाचं सार्थक झालं असंच म्हटलं असणार.

घरात मात्र सगळं सुरळीत नव्हतं. धाकटा मुलगा फिलिप, बापाचा खरा वारस मानला जाणारा, १९७९ मध्ये लिस्बनजवळ विमान अपघातात गेला. १९९० च्या अखेरीस सिमोनबाई वारल्या. पुढच्या वर्षी कुस्तो यांनी फ्रान्सिन त्रिपले यांच्याशी लग्न केलं. त्यांच्यापासून दोन मुलं आधीच होती, हे तेव्हा जगाला कळलं. थोरला मुलगा जाँ-मिशेल दुरावला. त्याने फिजी बेटावरच्या रिसॉर्टला कुस्तो नाव लावलं तेव्हा बाप कोर्टात गेला. शेवटी मुलाने आडनावासोबत स्वतःचं पूर्ण नाव लावायचं, असं ठरलं.

जानेवारी १९९६ मध्ये सिंगापूर बंदरात एका बार्जची धडक बसून कॅलिप्सो बुडालं. वर काढलं, पण कामाचं राहिलं नव्हतं. २५ जून १९९७ रोजी पॅरिसमध्ये कुस्तो गेले. जन्मगावीच त्यांना पुरलं. नावाचे हक्क फ्रान्सिनबाईंच्या हाताखालच्या सोसायटीकडे गेले आणि एक फ्रँक भाड्याच्या त्या जहाजाचा मालक कोण, यावर वाद सुरू झाला. २००७ मध्ये ते ब्रिटनीतल्या कोंकार्नो इथे दुरुस्तीला नेलं. तिथे यार्डाच्या बिलावरून भांडण लागलं आणि काम वर्षानुवर्षं अडून राहिलं. २०१६ मध्ये ते तुर्कस्तानात हलवलं. पुढच्याच वर्षी तिथे आग लागून जहाजाचा बराचसा लाकडी भाग जळाला.