नांगर, ब्लॉक आणि लक्ष्मणराव

मे महिना होता. माझं मशीन ड्रॉइंग आधीच बॅक राहिलं होतं, त्यात काकांचा जुना ट्रक अमरावती रोडवर बसला. रेडिएटरचा होज फुटला, इंजिन तापलं आणि ड्रायव्हरने घाईघाईत त्याच्यावर थंड पाणी ओतलं. झालं! ब्लॉकच्या पाण्याच्या जॅकेटला बाहेरून वीतभर तडा गेला. नवा ब्लॉक घ्यायची काकांची ऐपत नव्हती, आणि माझी फी, मेस सगळं त्या ट्रकवरच चालायचं. ट्रक ओढून वाडीला एका मिस्त्रीकडे नेला. चार दिवस मी तिथेच बसून होतो. वेळ जावा म्हणून होस्टेलच्या रीडिंग रूममधलं लक्ष्मणराव किर्लोस्करांचं चरित्र सोबत नेलं होतं. बिडाच्या त्या ब्लॉकशेजारी बसून बिडाचे नांगर ओतणाऱ्या माणसाची गोष्ट वाचली, ती तुम्हाला सांगतो.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. पुस्तकी अभ्यासात मन रमेना, पण चित्रकलेचा आणि यंत्रांचा भारी नाद. म्हणून मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे लक्षात आलं की त्यांना काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. चित्रकार व्हायचं स्वप्न तिथेच संपलं. पण यांत्रिक ड्रॉइंगला रंग कुठे लागतात? ते त्यांनी पक्कं केलं आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला लागले. म्हणजे बघा, ज्या विषयात मी गटांगळ्या खात होतो तोच विषय त्यांच्या आयुष्याला वळण देऊन गेला!

पुढे हक्काची बढती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला. बेळगावात 1888 पासून किर्लोस्करांचं सायकलींचं दुकान होतं, भाऊ रामूअण्णा सोबतीला होते. मास्तरकी सोडून सायकली विकायच्या, दुरुस्त करायच्या, म्हणजे लोकांच्या नजरेत पायरी उतरणंच. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. दुकानाचा कारखाना झाला, कडबा कापायचं यंत्र निघालं आणि 1903 मध्ये लोखंडी नांगर तयार झाला.

पण घेणार कोण? लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांना भीती. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. ते खपले, जरा जम बसला, तर बेळगाव नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी झाली. पुन्हा बिऱ्हाड पाठीवर! शेवटी औंधच्या राजेसाहेबांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, कुंडल रोड स्टेशनजवळ 32 एकर माळरान दिलं. निवडुंग आणि साप, बाकी काही नाही. 1910 मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात बाहेरून लोखंड येईना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी गडावरच्या जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर ओतले गेले.

इकडे आमचा मिस्त्रीही बिडाशीच झटत होता. मी मोठ्या तोऱ्यात सुचवलं, वेल्डिंग मारून टाका ना भाऊ. त्याने मान हलवली. बीड कडक, पण ठिसूळ. एकाच जागी तापवून झटकन थंड झालं की वेल्डच्या शेजारी ते काचेसारखं होतं आणि तिथेच नवा तडा जातो. त्याने आधी तड्यावर रॉकेल लावलं, पुसून घेतलं आणि वरून खडूची भुकटी चोळली. आत मुरलेलं रॉकेल बाहेर आलं आणि तडा ओल्या रेघेसारखा उमटला. डोळ्यांना दिसला होता त्यापेक्षा दोन बोटं लांब! मग दोन्ही टोकांना भोकं पाडली, म्हणजे तडा पुढे सरकणार नाही. फरशीवर खडूने ब्लॉकची आकृती काढून कुठे किती भोकं येणार ते मांडलं. एकेका भोकात आटे पाडून पिन बसवली, पुढची पिन आधीच्या पिनेत थोडी शिरेल अशी. शेवटी ठोकून, घासून, पाण्याचं प्रेशर देऊन बघितलं. थेंबही गळला नाही.

ती खडूची आकृती बघून मला खरंच लाज वाटली. सातवी पास माणसाचं सेक्शनल व्ह्यू माझ्या शीटपेक्षा सरस होतं.

लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 ला गेले. त्याआधी, 1946 मध्ये, पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झालेली त्यांनी पाहिली. नांगर ओतणाऱ्या घराण्याचा हात इंजिनापर्यंत पोचला होता. मला मात्र त्यांचं यश वाचताना त्यांचे तडेच जास्त लक्षात राहिले. रंग दिसेनात, बढती हुकली, माल खपेना, जागा गेली. प्रत्येक वेळी ते कुढत बसले नाहीत, की घाईने वरवर लिंपलंही नाही. नुकसान कुठपर्यंत गेलंय ते बघितलं, तिथे थांबवलं आणि उरलेल्यातून पुढचं काम उभं केलं.

मीही त्या सुट्टीत तेच केलं. कुठलं चॅप्टर आल्यापासून गाडी अडते ते शोधलं, तर ते प्रोजेक्शनच निघालं, अगदी फर्स्ट इयरचं! तिथून परत सुरुवात केली. पुढच्या अटेम्प्टला ड्रॉइंग निघालं. ट्रकही अजून चालतोय. तेव्हा मित्रांनो, बॅक राहिला असेल तर आधी टोक शोधा, मग पिना ठोका!