एका कसोटीचा कर्णधार

भारतीय क्रिकेट संघाचे नेतृत्व किती बेभरवशाचे, याचा प्रत्यय १९५८-५९ मध्ये आला. वेस्ट इंडीजविरुद्धच्या पाच कसोटींत पॉली उम्रीगर, गुलाम अहमद, विनू मंकड आणि अखेरीस दिल्लीत पुण्याचे हेमू अधिकारी असे चार कर्णधार झाले. लष्करी सेवेतील अधिकारी यांनी ६३ व ४० धावा काढल्या, तीन बळी टिपले. सामना अनिर्णित राहिला. तरीही ती त्यांची अखेरची कसोटी ठरली.

पुढे त्यांनी व्यवस्थापक म्हणून खेळाडूंना, विशेषतः क्षेत्ररक्षणाची, लष्करी शिस्त लावली. त्यांच्याच कारकिर्दीत १९७१ मध्ये भारताने इंग्लंडमधील पहिली मालिका जिंकली. १९७४ मध्ये मात्र तेथेच ०-३ असा पराभव झाला आणि विजयी कर्णधार अजित वाडेकर यांची कसोटी कारकीर्दही संपली. अधिकारी यांचे २००३ मध्ये निधन झाले.