देव न मानणारा देवमाणूस : आगरकर

आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे निघते. आई दरवर्षी दर्शनाला जाते. कॉलेजात आगरकर वाचल्यापासून तिच्याबरोबर जाताना माझ्या मनात प्रश्न उभे राहतात.

गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १८५६ साली कऱ्हाडजवळील टेंभू गावी गरीब घरात झाला. हालअपेष्टा सोसून ते एम. ए. झाले, परंतु मोठ्या पगाराच्या नोकरीचा मोह सोडून शिक्षक झाले. १८८८ साली त्यांनी ‘सुधारक’ काढले. बालविधवांचे दुःख ही ईश्वरी इच्छा नसून माणसांनीच निर्माण केलेल्या रूढींचे फळ आहे, असे ते निर्भीडपणे मांडीत. चिडलेल्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. पत्नी यशोदाबाई मात्र श्रद्धाळू. त्यांच्या देवपूजेला आगरकरांनी कधी आडकाठी केली नाही. १८९५ साली, वयाच्या ३९ व्या वर्षी, दम्याने जर्जर झालेले आगरकर गेले. त्या वेळी ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य होते. स्वतःच्या अंत्यसंस्काराचे पैसे त्यांनी आधीच पुडीत बांधून ठेवले होते.

पुढच्या आषाढातही मी आईला पालखीला नेईन. मी पाया पडेन की नाही, ठाऊक नाही. पण गर्दीत तिचा हात मात्र सोडणार नाही.